तलावाकाठच्या वाटेला पाटकरी हवा

खान्देशात फिरायची वेळ ऊन ठरवतं. एप्रिल निम्मा झाला की जळगाव, भुसावळ, यावल, शिरपूर सगळीकडे पारा 43-44च्या पुढे जातो आणि सकाळी नऊनंतर डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. त्यामुळे ज्यांना चालायचं, पळायचं, सायकल मारायची किंवा नुसतं पाण्याकाठी बसायचं असतं, ते सगळे पहाटे पाच ते साडेसात या वेळात घराबाहेर येतात. जागाही मोजक्याच. जळगावात मेहरूण तलावाचा काठ, धुळ्यात पांझरेच्या कडेचे रस्ते, तालुक्याच्या गावी पाझर तलावाचा नाहीतर कालव्याचा भराव. पुण्या-नाशिकसारखी टेकडी प्रत्येक पेठेच्या मागे नसते इथे. एकच वाट, एकच वेळ आणि सगळं गाव.

या वाटेवर कोण कोण असतं ते एकदा नीट पाहायला हवं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले निवृत्त मास्तर काठी टेकत चाललेले असतात. डॉक्टरने साखर सांगितलेल्या बायका घरची भाकर टाकायच्या आत चार फेऱ्या उरकायला आलेल्या असतात. पोलीस भरतीची पोरं 1600 मीटरचं आणि पोरी 800 मीटरचं अंतर घड्याळ लावून पळतात. त्यांच्यासाठी हा विरंगुळा नसतो, त्यावर घराचा पगार अवलंबून असतो. आणि याच वाटेवरून दुधाचे कॅन अडकवलेली मोटारसायकल जाते, शॉर्टकट म्हणून कामावर निघालेला कामगार जातो, नवीन गाडी शिकणारा बापासोबत येतो, बुलेट घेऊन कॉलेजची पोरं येतात आणि आता आवाज न करणारी ई-स्कूटरही येते.

यावर दोनच मतं ऐकू येतात. फिरायला येणारे म्हणतात, सगळी वाहनं बंद करा, गेटला कुलूप लावा. गाडीवाले म्हणतात, रस्ता सरकारी आहे, आम्हीही कर भरतो. माझं म्हणणं असं, की वाहन बंद की चालू हा प्रश्नच अपुरा आहे. नियम करायचा तर तो वेग, वजन आणि गरज या तीन गोष्टींवर करायला हवा, आणि वाटेवरचा सर्वांत हळू माणूस डोळ्यापुढे ठेवून करायला हवा. गाडीत पेट्रोल जळतं की बॅटरी चालते, याला त्यात दुय्यम महत्त्व आहे. आणि तो नियम रोज पाळला जातो की नाही हे पाहायला, पूर्वी पाटाचं पाणी फिरवणाऱ्या पाटकऱ्यासारखा, एक पगारी माणूस हवा.

वेगाचा हिशोब साधा आहे. ताशी 40 किलोमीटरने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते. चालणारा माणूस तेवढ्यात जेमतेम दीड मीटर सरकतो. म्हातारा माणूस मागून आवाज आला म्हणून वळून पाहीपर्यंत एखाद-दोन सेकंद जातात, आणि वाट असते तीन-साडेतीन मीटर रुंद, एका बाजूला पाणी नाहीतर उतार. गाडीवाल्याने ब्रेक दाबायचं मनात आणेपर्यंतच ते 11 मीटर संपलेले असतात. आणखी एक. स्वारासकट 200 किलोची मोटारसायकल 40च्या वेगाने आणि स्वारासकट 85 किलोची सायकल 15च्या वेगाने, यांच्या धडकेतल्या ऊर्जेत सोळा-सतरा पटींचा फरक पडतो, कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. सायकलचा धक्का लागला तर खरचटतं, फार तर हाड मोडतं. मोटारसायकलचा धक्का लागून सत्तरीतल्या माणसाचा खुबा मोडला तर तो पुन्हा या वाटेवर येईल याची खात्री कोणी देत नाही. म्हणून दोघांनाही 'वाहन' या एकाच शब्दात बसवून बंदी घालणं किंवा मोकळीक देणं मला पटत नाही.

तरीही सायकलवाल्याला मोकळं रान द्यावं असंही नाही. गिअरची सायकल घेऊन 30च्या वेगाने बायकांच्या घोळक्यातून वाट काढणारे मी पाहिलेत. भरतीचा चांगला पोरगा 1600 मीटर पाच-सव्वापाच मिनिटांत पळतो, म्हणजे ताशी 18-19 किलोमीटर. माणसाच्या पायाने गाठता येणारा हा वेग आहे. गर्दीच्या वेळी या वाटेवर कोणतंही चाक त्या पोराच्या पुढे जाता कामा नये, 15ची मर्यादा सर्वांना सारखी, ही माझी पहिली मागणी आहे. पाट्या लावताना 'वाहनांना बंदी' एवढंच लिहून चालणार नाही, वेगाचा आकडा लिहावा लागेल.

ई-स्कूटरचा विषय जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण तिथे लोकांचा खरोखर गैरसमज आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशी तरतूद आहे की 250 वॉटपेक्षा कमी शक्तीचं, ताशी 25 किलोमीटरच्या आतलं आणि बॅटरी वगळून 60 किलोच्या आतलं बॅटरीचं वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही. त्याला नोंदणी नाही, लायसन नाही. दुकानदार हेच सांगून विकतो, आणि घेणारा त्याचा अर्थ असा लावतो की ही गाडी कुठेही नेता येते. मग शाळेतला पोरगा ती घेऊन तलावावर येतो. त्यातल्या काही गाड्यांचा वेग गॅरेजमध्ये वाढवून घेतलेला असतो. गाडी दिसते 25ची आणि पळते 45ने. आवाज नसल्यामुळे मागून आली ते कळतही नाही. मोटारसायकल निदान ऐकू तरी येते. कायद्याच्या व्याख्येतून सुटलेलं वाहन वाटेवरच्या नियमातून सुटत नाही, हे स्थानिक नियमात स्पष्ट शब्दांत यायला हवं: बॅटरीची स्कूटर गर्दीच्या वेळी बंद, पेट्रोलची बंद तशीच. पॅडल मारत चालवायची, मोटरची फक्त मदत घेणारी सायकल मात्र सायकलच धरावी. साठीतल्या माणसाला चढावर तेवढा आधार मिळत असेल तर त्याला अडवून कोणाचंच भलं होत नाही.

आता फाटकाकडे येऊ. सगळीकडे पहिला उपाय म्हणून लोखंडी फिरतं फाटक बसवतात, एका वेळी एक माणूस आत जाईल असं. एका तालुक्याच्या गावी अशा फाटकापाशी मी उभा होतो. हाताने पॅडल फिरवायची तीनचाकी घेऊन एक गृहस्थ आले. पन्नाशीचे असतील. त्यांनी रखवालदाराला विचारलं, "भाऊ, मन्ही गाडी मझार (आत) जाई का?" रखवालदाराने पाटीकडे बोट दाखवलं, "आठे (इथे) चाकं बंद शेतस, दादा." तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला जे सांगून ठेवलं होतं ते त्याने सांगितलं. ते गृहस्थ थोडा वेळ फाटकाच्या आडव्या दांड्यावर हात ठेवून आत बघत बसले आणि मग गाडी वळवून गेले. पंचवीस-तीस पावलांवर कुंपणाची जाळी कोणीतरी कापलेली होती, आणि तिथून मोटारसायकली आत जात होत्या. खाली चाकांनी जमीन खोलगट झाली होती, म्हणजे हे रोजचं होतं.

यात नुसता ढिसाळपणा नाही, एक अडचण खरी आहे. तीनचाकी किंवा व्हीलचेअर जायची तर निदान 90 सेंटिमीटरची फट हवी, मोकळेपणाने जायची तर 120. मोटारसायकलचं हँडल 70-80 सेंटिमीटरचं असतं. म्हणजे अपंग माणूस ज्या फटीतून आत जाईल, तिच्यातून मोटारसायकल जाणारच. लोखंडाने चारचाकी अडवता येते, ट्रॅक्टर अडवता येतो. दुचाकी अडवता येत नाही. ती अडवायला माणूस लागतो आणि दंड लागतो. हे एकदा मान्य केलं की फाटकावर होणारा खर्च माणसाकडे वळवता येईल. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016चा कायदा सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येण्यासारख्या ठेवायला सांगतो. तीनचाकी बाहेर ठेवणारी पाटी त्या कायद्याच्या विरोधात जाते, मग ती कितीही चांगल्या हेतूने लावलेली असो.

शहरातल्या तलावाची वाट वेगळी आणि कालव्याची वेगळी. गिरणेच्या, हतनूरच्या कालव्यांच्या भरावावरून जो रस्ता जातो, तो कालव्याच्या देखभालीसाठी केलेला असतो आणि त्यावर शेतकऱ्याचं येणंजाणं पूर्वीपासूनचं असतं. गावातली माणसं तिथे फिरायला यायला लागली, कोणी बाकडी टाकली, कोणी झाडं लावली, म्हणून तो रस्ता बाग होत नाही. रावेर-यावलकडे केळीची कापणी सकाळीच सुरू होते. घड वाहायला ट्रॅक्टर किंवा छोटा हत्ती टेम्पो शेतापर्यंत जायलाच हवा. त्याला 'साडेसातनंतर ये' म्हणणं म्हणजे त्याच्या मालाचं आणि मजुरांच्या दिवसाचं नुकसान. शेतरस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, हे खान्देशातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. फिरणाऱ्यांनी तिथे वेळेची बंदी मागू नये. तिथे मागायची ती वेगाची मर्यादा, आणि माणूस दिसला की गाडीने थांबायचं, ही शिस्त. माझा अनुभव सांगायचा तर ट्रॅक्टरवाल्याशी या बाबतीत भांडण क्वचितच होतं. तो स्वतः त्या भरावावरून अनवाणी चाललेला असतो.

कालव्याच्या रस्त्यावर दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, तिच्याकडे कोणी पाहत नाही. आपली काळी माती. पाऊस पडून गेला की ती फुगते, लोण्यासारखी होते. भरावावर मुरूम टाकलेला असला तरी दोन पावसाळ्यांत तो खाली दबतो आणि काळी वर येते. त्या ओल्यात एक ट्रॅक्टर गेला की टाचेपासून घोट्यापर्यंत पाय बुडेल एवढ्या चाकोऱ्या पडतात. मोटारसायकली त्याच चाकोऱ्या टाळायला कडेने जातात आणि कडही फोडतात. मग ऊन पडतं, माती वाळते आणि त्या चाकोऱ्या दगडासारख्या होतात. दिवाळीपर्यंत त्यांच्या कडा तशाच उभ्या असतात. पहाटेच्या अंधारात पाय मुरगळतो तो तिथे, सायकलचं पुढचं चाक अडकतं ते तिथे. शेतकऱ्यालाही पुढे चार महिने त्याच रस्त्याने बैलगाडी न्यायची असते. म्हणून मोठा पाऊस झाल्यावर दोन दिवस, माती आवळेपर्यंत, तातडीचं काम सोडून कोणतंही चाक भरावावर घालायचं नाही, असा नियम गावाने केला तर तो सर्वांच्या फायद्याचा आहे. यात फिरणाऱ्यांची सायकलही आलीच. ओल्या वाटेवर नक्षीदार टायर घेऊन चिखल उडवायला येणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं.

सातपुड्यात गोष्ट आणखी बदलते. तोरणमाळला पावसाळ्यात जीपा आणि मोठ्या मोटारसायकली घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते आहे. रस्ता सोडून पाड्यांच्या पायवाटांवर गाड्या घालायच्या, ओढ्यातून उडवायच्या, त्याचे व्हिडिओ करायचे. ज्या वाटेवर हे चालतं ती पाड्यातल्या माणसाची एकुलती एक वाट असते. बाजाराला, शाळेला, रेशनला तीच. अक्राणी तालुक्यात आजारी माणसाला, अडलेल्या बाईला झोळीत घालून डोंगर उतरवावा लागतो हे आपण दर पावसाळ्यात वाचतो, आणि जिथे चारचाकी पोचत नाही अशा पाड्यांसाठी नंदुरबार जिल्ह्यात बाइक ॲम्ब्युलन्स चालवाव्या लागल्या आहेत. तिथे जाऊन 'निसर्गरम्य वाट, वाहनांना बंदी' अशी पाटी शहरातल्या पर्यावरणप्रेमींनी लावणं आणि शहरातल्याच हौशी गाडीवाल्यांनी ती वाट नासवणं, दोन्ही सारखंच अन्यायाचं आहे. तिथला नियम तिथल्या ग्रामसभेने करावा: पाड्यातल्या माणसाची गाडी, रुग्णाची गाडी चालेल, हौसेची चालणार नाही. यावलच्या किंवा गौताळ्याच्या अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 आधीच आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही. नियम नाही अशी तक्रार निदान तिथे करता येणार नाही.

शहरातल्या वाटांसाठी कायद्यात तरतूद नाही असं अधिकारी कधी कधी सांगतात. ते खरं नाही. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 115 प्रमाणे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी, सोयीसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे एखाद्या रस्त्यावर सर्व किंवा ठरावीक प्रकारच्या वाहनांना बंदी किंवा मर्यादा घालता येते. मुदत महिन्याच्या आतली असेल तर राजपत्रातल्या अधिसूचनेचीही गरज नसते. स्थानिक प्रसिद्धी आणि पाट्या पुरतात. म्हणजे एक महिना प्रयोग करून पाहायला कोणाची आडकाठी नाही. वेगाची मर्यादा कलम 112 खाली घालता येते. अल्पवयीन पोराने मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर 2019च्या दुरुस्तीने आलेलं कलम 199-अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला जबाबदार धरतं: तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. बुलेटवर येणारी निम्मी पोरं अठराच्या आतली दिसतात. एखाद्या पालकावर या कलमाखाली गुन्हा नोंदवला गेला तर गावभर बातमी होईल आणि पन्नास घरांत गाडीची चावी वडिलांच्या खिशात राहील.

कायदा असूनही काही होत नाही, कारण वाटेला धनी नाही. पाणी एका खात्याचं, काठ महापालिकेचा, वाहतूक पोलिसांची, बाकडी कुठल्या तरी मंडळाने दिलेली. इथे खान्देशाला बाहेरून काही आणायची गरज नाही, असं मला मनापासून वाटतं. पांझरेच्या खोऱ्यात फड बागायतीची पद्धत काही शतकं चालली. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालचं क्षेत्र फडांत वाटलेलं. कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं, पाणी कोणत्या क्रमाने फिरवायचं, टंचाई आली तर कोणता फड पडीक ठेवायचा, हे शेतकरी आणि त्यांचे पंच मिळून ठरवत. पाणी फिरवायला पाटकरी असे, पिकाची राखण करायला जागल्या असे, आणि त्यांचा मेहनताना लाभ घेणारे शेतकरी मिळून देत. सर्वांच्या वापरातली मोजकी गोष्ट सर्वांना पुरवायची कशी, याचं उत्तर आपल्या आजोबा-पणजोबांनी असं दिलं होतं: नियम वापरणाऱ्यांचे, आणि ते रोज पाळले जातात की नाही हे पाहणारा एक ओळखीचा, पगारी माणूस.

तलावाकाठच्या वाटेला असा पाटकरी हवा. पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी सहा ते नऊ वाटेवर असणारा, सर्वांना तोंडओळखीचा. त्याच्या मागे एक समिती असावी, आणि तिच्यात फक्त सकाळी फिरणारे नागरिक नकोत. तिथे मासेमारी करणारा हवा, काठालगतचा शेतकरी हवा, भरतीची पोरगी हवी, तीनचाकीवाला हवा, आणि त्या वाटेने कामावर जाणारा मोटारसायकलवालाही हवा. त्याला समितीत घेतलं नाही तर नियम फक्त त्याच्यावर लादलेला राहील. कदाचित तो सांगेल की मुख्य रस्त्याचं रेल्वे फाटक तासभर बंद असतं किंवा पुलाचं काम रखडलंय, म्हणून आम्ही इकडून येतो. ते ऐकून घेतल्याशिवाय वाट मोकळी होणार नाही.

सवलती कोणाला, हे मात्र कागदावर यायला हवं आणि तो कागद फाटकावर लावलेला हवा. आज होतं काय, की सामान्य माणसाची स्कूटी अडवली जाते आणि कुणा पदाधिकाऱ्याची पांढरी गाडी पार घाटापर्यंत जाते, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून एसीत बसतो आणि साहेब दोन फेऱ्या मारतात. एवढं एक दृश्य सगळा नियम मोडून टाकायला पुरेसं असतं. ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, सफाई आणि दुरुस्तीची गाडी, अपंग व्यक्तीचं वाहन, ज्याचं शेत किंवा घर त्याच वाटेवर आहे त्याचं वाहन, मासे उचलायला येणारी गाडी. यादी इथे संपायला हवी. पदावरून सवलत नको.

चालणाऱ्यांनाही दोन शब्द सांगावे लागतील. चौघी-चौघांनी हात धरून अख्खी वाट अडवून चालायचं, दोन्ही कानांत गाणी लावायची, मागून घंटी वाजली की चिडायचं, कुत्रं साखळीशिवाय सोडायचं. यातून सायकलवाल्याचाही अपघात होतो. डावीकडून चालावं, मागून येणाऱ्याने घंटी वाजवून उजवीकडून पुढे जावं. हॉर्न पूर्ण बंद. एवढं पाळलं तर बाकीचं पाटकरी पाहून घेईल.

पैशाचा प्रश्न विचारला जाईल. एका तलावावर दोन पाळ्यांत दोन माणसं ठेवायला जो पगार लागेल, तो वाटेवर दरवर्षी बसवल्या जाणाऱ्या आणि मोडणाऱ्या फाटकं, दिवे, स्वागत-कमानी यांच्या खर्चापुढे काही फार नाही. महापालिकेने निम्मा द्यावा, निम्मा फिरायला येणाऱ्यांनी महिन्याला घरटी वर्गणी काढून द्यावा. मात्र वर्गणी न देणाऱ्यालाही वाट तितकीच मोकळी राहील, ही अट घालून. कलम 115 खाली महिन्याचा प्रयोग मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू करावा, कारण एप्रिलपासून गर्दी दुप्पट होते. महिनाभर पाटकऱ्याने वहीत रोज लिहावं: किती गाड्या आल्या, कोणत्या, कोणाला अडवलं, कोण ऐकलं, कोण नाही, कोणाला लागलं. एप्रिलच्या सुरुवातीला ती वही समितीपुढे, पोलिसांपुढे आणि महापालिकेपुढे ठेवावी आणि कायमची अधिसूचना काय असावी ते त्या नोंदी पाहून ठरवावं.